शाशाच्या दारातली साक्ष

लाल्ला मेन्नाचं बोलावणं आलं, तेव्हा आमच्या घरात निघायची गडबड चालली होती. उन्हाळा तोंडावर आला होता. उन्हाळ्यात आमचं सगळं गाव डोंगरावरची घरं बंद करून खाली खजुरीच्या बागांत राहायला जातं. सासूबाई गाडगीमडकी गोणपाटात बांधत होत्या.

"तुला बोलावलंय," त्या वर न बघता म्हणाल्या. "काय केलंस?"

"काही नाही."

"काही केल्याशिवाय ती कुणाला बोलावत नाही."

ते खरंच होतं. लाल्ला हा आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी लावायचा मानाचा शब्द, आणि लाल्ला मेन्ना ही गावातल्या पाच धुणाऱ्यांमधली थोरली. धुणाऱ्या म्हणजे कपडे धुणाऱ्या नव्हेत. मेलेल्या बाईला शेवटची आंघोळ घालून, कफन नेसवून वाटेला लावणाऱ्या. पुरुषांचा कारभार मशिदीतले बारा जण बघत आणि बायकांचा ह्या पाच जणी. लग्नात कुणी मिरवलं, कुणी शेजारणीची निंदा केली, की ह्यांच्यासमोर उभं राहावं लागे. ज्या बाईला ह्यांनी वाळीत टाकलं, तिच्याशी कुणी बोलायचं नाही, तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, आणि क्षमा मागितल्याशिवाय ती मेली तर तिला धुवायचं नाही.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. नाव सेत्ती. लग्नाला तीन वर्षं झाली होती. नवरा, बकीर, उत्तरेला कॉन्स्टंटीन शहरात किराणा दुकान चालवायचा. वाळवंटातल्या आमच्या मझाब खोऱ्यातले सगळेच पुरुष उत्तरेला दुकानं चालवत. दोन वर्षांनी एकदा दोन महिने घरी यायचे, घराची डागडुजी करायचे, बायकोच्या पोटात मूल ठेवून परत जायचे. माझ्या पोटात तेही राहिलं नव्हतं.

लाल्ला मेन्ना अंगणात जवस निवडत बसली होती. वरच्या झरोक्यातून उन्हाचा चौकोन तिच्या सुपावर पडला होता. मी खाली बसले.

"शाशाच्या गच्चीवर वाडगं कोण ठेवतं?"

शाशा म्हणजे वाळीत टाकलेली आमची शेजारीण. तिची गच्ची आमच्या गच्चीला लागून. मध्ये कमरेएवढा कठडा.

"मी," मी म्हटलं. "तिच्याशी बोलले नाही मी. नुसतं ठेवते. ती आजारी आहे. महिना झाला, तिच्या मागाचा आवाज नाही."

"काय ठेवतेस?"

"सातूची पेज. कधी खजूर."

ती जवस निवडत राहिली. मला वाटलं, आता मलाही वाळीत टाकणार.

"ती मरणार आहे," लाल्ला मेन्ना म्हणाली. "माझ्याही कानावर आलंय. तुझी माणसं बागेत जाऊ देत. तू मागं राहा. तिच्याशी बोल. मी परवानगी देते. तिच्याकडून शब्द घे. तीन वाक्यं आहेत. 'मी अल्लाची क्षमा मागते. मी केलं ते चुकीचं होतं. मी जमातीत परत येते.' ती म्हणाली, की मला निरोप धाड. मी स्वतः येऊन धुवीन तिला."

"आणि नाही म्हणाली तर?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "हजार वर्षांपूर्वी आपलं शहर जाळलं, सेत्ती. आपण इबादी पंथाचे, मूठभर लोक. सगळ्यांनी हाकललेले. ह्या खडकांत आलो, कारण इथं दुसऱ्या कुणाला यावंसं वाटणार नव्हतं. इथून बाई हलली नाही, म्हणून पुरुष परत आला. पुरुष परत येत राहिला, म्हणून गाव राहिलं. एक गेली की दहा जातात. मग खोऱ्यात राहतील फक्त कबरी. मला शाशाचा राग नाही. पण नियम माझ्या घरचा नाही, मी तो सोडू शकत नाही."

शाशाचा गुन्हा सगळ्या गावाला ठाऊक होता. ती खोरं सोडून गेली होती. तिचा नवरा बाहमद उत्तरेला आजारी पडला, छातीचं दुखणं. पत्र आल्यावर ती एका म्हाताऱ्या मामाला घेऊन मालाच्या ट्रकमधून निघून गेली. तीन वर्षं तिकडं राहिली. बाहमद वारला, तशी त्याचे कपडे गाठोड्यात बांधून परत आली. तिला वाटलं असेल, लोक समजून घेतील. भावानं दार उघडलं नाही. त्याला चार वर्षं झाली होती. चार वर्षं ती नवऱ्याच्या घरात एकटी होती. गालिचे विणायची, आणि ज्यू सोनाराची बायको ते विकत घेऊन जायची, कारण आमचा नियम तिला लागू नव्हता.

दोन दिवसांत गाव रिकामं झालं. सासूबाई जाताना म्हणाल्या, "लवकर आटप." गल्लीत शेळीसुद्धा राहिली नाही. खालच्या बागांतून विहिरींच्या कप्प्यांची कुरकुर तेवढी वर यायची, दिवसभर. मी वाडगं घेऊन कठडा ओलांडला आणि जिना उतरून तिच्या खोलीत गेले.

ती मागाजवळ घोंगडीवर पडली होती. पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे पिवळे. मला बघून ती उठायला लागली.

"लाल्ला शाशा, पडून राहा," मी म्हटलं.

तिनं तोंड फिरवलं. मला वाटलं, दुखतंय. मग लक्षात आलं, चार वर्षांत तिला लाल्ला कुणी म्हटलंच नव्हतं. मी तरी कुठं म्हटलं होतं?

तिचा आवाज फुटायला वेळ लागला. आधी नुसता वारा निघाला, मग खरखर. "तू पेजेत मीठ कमी घालतेस," ती म्हणाली.

मी हसले. तीही हसली असावी.

"मला बोलायची परवानगी आहे," मी सांगितलं.

"मग बोल ना. काहीही बोल. सुलेमानच्या मुलीचं लग्न झालं का? ढोल ऐकले मी मागच्या थंडीत. तिचंच होतं का?"

तिचंच होतं. मी सांगितलं. कुणाला काय झालं, कुणाची म्हातारी गेली, कुठली विहीर आटली, कुठल्या घरात भावाभावांनी भिंत घातली. ती एकेक नाव विचारायची आणि मी सांगायचे. तिला निम्मं माहीत होतं. भिंतीतून, गच्चीवरून, आवाजांवरून तिनं जुळवलेलं. "तुझं जातं थांबलं, की मला कळतं तू जेवायला बसलीस," ती म्हणाली. "मीही तेव्हाच बसते." मी लग्न होऊन आल्यापासून तीन वर्षं ती माझ्याबरोबर जेवत होती आणि मला पत्ता नव्हता.

त्या दिवशी त्या तीन वाक्यांचा विषय मी काढलाच नाही. दुसऱ्या दिवशी काढला. तिनं डोळे मिटून ऐकून घेतलं.

"मेन्नानं पाठवलं?"

"हो."

"तिला सांग, मी खोटं बोलले असेन, त्याची क्षमा मागते. एकदा प्रार्थना चुकवली, ट्रकमध्ये, त्याची मागते. भावाला मनात शिव्या दिल्या, त्याचीही मागते."

"आणि गेलात ते?"

"ते नाही."

"लाल्ला शाशा, नुसते शब्द आहेत."

"शब्दच आहेत, म्हणून तर." तिनं माझा हात धरला. तिची बोटं सुतानं कापलेली, खडबडीत. "माझं लग्न झालं तेव्हा मी चौदाची होते. अठरा वर्षांत तो किती वेळा आला असेल? पाहुण्यासारखा यायचा. मी त्याच्यासमोर लाजायची, तोही लाजायचा. ओळख व्हायला लागली, की ट्रकची वेळ व्हायची. तिकडं गेले, तर कळलं त्याला विजांची भीती वाटते. एवढा मोठा बाप्या, पांघरुणात शिरायचा. चीज कापताना तो गुणगुणायचा. त्याला मी विनोद सांगितलेला आवडायचा. मी, विनोद! इथं मला कुणी विनोद सांगताना पाहिलंय? दुकानामागं एक खोली होती, खिडकीतून समोरची भिंत दिसायची बस. तिथं मी तीन वर्षं बायको होते. ते चुकीचं होतं म्हणू? मग माझ्यापाशी राहिलं काय?"

"न धुता पुरतील, ह्याची भीती नाही वाटत?" मी विचारलं. विचारून जीभ चावली.

"वाटते," ती म्हणाली. "फार वाटते. रोज वाटते."

पुढचे चार दिवस मी तिच्याकडेच होते. तिचं अंग पुसायचे, ओठांवर पाणी लावायचे. रोज एकदा विचारायचे, आणि ती रोज मान हलवायची. एकदा मी चिडले. "तुमच्यामुळं मी ह्या रिकाम्या गावात अडकून पडलेय," म्हणाले. ती म्हणाली, "जा की." मी गेले नाही. मला तिथून हलावंसंच वाटत नव्हतं. सासूबाईंच्या घरात आम्ही नऊ माणसं होतो, आणि त्या नऊ जणांत तीन वर्षांत कुणी माझ्याशी एवढं बोललं नव्हतं.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी तिनं विचारलं, "बकीर पत्र लिहितो?"

"दोन महिन्यांनी."

"तुला वाचता येतं?"

"नाही. थोरले दीर वाचतात. सगळे बसतात ऐकायला."

"मग तो तुला काय लिहिणार," ती म्हणाली, आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं मागावर आली तेव्हा तिचा श्वास बदलला. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन ती तीन वाक्यं म्हटली, हळूहळू, एकेक शब्द सुटा, म्हणजे तिला नुसता माझ्यामागून म्हणता यावा. तिनं ऐकलं. नीट ऐकलं. तिच्या डोळ्यांत ओळख होती. मग तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. लहान मूल कडू औषधाला मिटतं, तसे. थोड्या वेळानं ती गेली.

मी निरोप धाडला. पाणी भरायला आलेल्या एका बाईबरोबर एवढंच सांगितलं, की शाशा गेली.

धुणाऱ्या तासाभरात चढ चढून आल्या. पाची जणी, पांढऱ्या लोकरी चादरींत डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेल्या, एकेक डोळा तेवढा उघडा. लाल्ला मेन्ना सगळ्यात पुढं. उंबऱ्याबाहेर थांबली. आत पाऊल टाकलं नाही.

"म्हणाली?"

माझ्यामागं शाशा होती, तोंड झाकलेली. बाहेर ऊन असं होतं, की पांढऱ्या भिंतीकडे बघवत नव्हतं.

"म्हणाली," मी म्हटलं.

"काय म्हणाली, ते सांग."

"मी अल्लाची क्षमा मागते. मी केलं ते चुकीचं होतं. मी जमातीत परत येते."

"तुझ्या कानांनी ऐकलंस?"

"ऐकलं."

"अल्लासमोर?"

"अल्लासमोर."

ती माझ्याकडे बघत राहिली. तो एक डोळा. मागं कुणीतरी खोकलं. मी चौकट धरली. मग तिनं चादर काढून माझ्या हातात दिली, बाह्या वर सारल्या आणि उंबरा ओलांडला.

"पाणी तापवा," ती म्हणाली.

मी पाण्याचं भांडं धरून उभी होते. लाल्ला मेन्नानं शाशाला धुतलं, ते मी कधी विसरणार नाही. आधी उजवी बाजू, मग डावी. केसांच्या तीन वेण्या घातल्या. बोटांच्या बेचक्यांतून अडकलेला लोकरीचा धागा काढला. ती काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, दुआ आहे. जवळ गेल्यावर ऐकू आलं, ती नुसतं म्हणत होती, "झालं, शाशा, झालं, आता झालं."

आणि मग माणसं यायला लागली. बागांतून, भर उन्हात. शाशाचा भाऊ आला आणि दारातच बसून रडला. "लाल्ला शाशा किती गुणी होती," एक बाई म्हणाली. "तिच्या हातचा गालिचा आमच्याकडे आहे," दुसरी म्हणाली. चार वर्षं हे सगळं बोलणं कुठं ठेवलं होतं त्यांनी? सासूबाईंनी मला जवळ घेतलं. "तू तिला परत आणलंस," त्या म्हणाल्या. त्या घरात माझी किंमत त्या दिवसापासून वाढली.

वर्षभरानं लाल्ला मेन्नानं मला तिच्या हाताखाली घेतलं. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला. मी धुवायला शिकले. दुआ पाठ केल्या, अक्षरं शिकले, कुराण वाचायला शिकले. बकीरची पत्रं आता मला वाचता आली असती, पण ती थोरल्या दिरांच्या नावानं यायची आणि तेच फोडायचे. वर्षं गेली. मला एक मुलगी झाली. लाल्ला मेन्ना थकली, तिची नजर गेली. तिच्या शेवटच्या आजारपणात मी तिच्याजवळ बसायचे. एकदा पाय चेपताना ती म्हणाली, "शाशाचे शब्द तू अगदी बरोबर सांगितलेस. एकही मागंपुढं नाही."

माझे हात थांबले.

"मरणारं माणूस एवढं सलग बोलत नाही, सेत्ती. मी शेकड्यांनी पाहिलीत."

"मग तुम्ही आत का आलात?"

"तू साक्ष दिलीस ना. साक्ष दिल्यावर मला आत यायला बंदी नव्हती." थोड्या वेळानं ती म्हणाली, "चेप की."

तिला मी धुतलं. तिच्यानंतर थोरलीचा मान माझ्याकडे आला. मी नुकती तिशी ओलांडली होती. इतक्या लहान वयात कुणाला तो मिळाला नव्हता.

त्याच हिवाळ्यात बकीरच्या भागीदाराचं पत्र आलं. थोरले दीर थोड्याच दिवसांपूर्वी वारले होते, म्हणून ते माझ्या हातात पडलं. मला वाचता आलेलं पहिलं पत्र. बकीर अंथरुणाला खिळला होता. मूत्रपिंडं निकामी. प्रवास झेपणार नाही. "भाभींना कळवावं म्हणून लिहितो," असं शेवटी.

मी ते घडी करून ठेवलं. मग उघडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला सासूबाईंकडे सोडलं, चादर गुंडाळली आणि खाली बाजारापर्यंत गेले. मालाचा ट्रक वेशीबाहेर उभा असतो, मला ठाऊक होतं. वेशीच्या आत, कमानीखाली मी उभी राहिले. ट्रकवर गोण्या चढत होत्या. इंजिन चालू होतं. आमचीच दोन-तीन माणसं होती, ती मला बघून आदरानं भिंतीकडे तोंड करून बाजूला झाली, मला वाट मोकळी करून. त्यांच्या मनातही आलं नसेल. लाल्ला सेत्ती कुठल्या मैतालाच निघाली असणार.

मागच्याच महिन्यात एका सुनेला मी समोर उभं केलं होतं. ती नवऱ्याकडे उत्तरेला जायचं म्हणत होती. तिला मी जळलेल्या शहराची गोष्ट सांगितली होती. चांगली सांगितली होती. ती रडत घरी गेली होती.

ट्रक निघून गेला. मी आणखी थोडा वेळ उभी राहिले आणि चढ चढून घरी आले.

बकीर पाच आठवड्यांनी वारला. त्याला तिकडेच पुरलं. आता तो नियम सैल झालाय. पोरी अल्जिअर्सला शिकायला जातात, नवऱ्याबरोबर राहतात, सणाला मोटारनं येतात. कुणी त्यांना अडवत नाही. पुढं मीही कुणाला नाही अडवलं, माझ्या हातात होतं तेव्हा. शाशाची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. माझ्या साक्षीचा जाब द्यायचाय, तो मी वर देईन. त्याचं मला तेवढं भय नाही.

बकीर गेला, त्यानंतरच्या वसंतात त्याचा भागीदार, सालह, हिशेब मिटवायला गावी आला तेव्हा घरी येऊन गेला. तो बाहेरच्या खोलीत बसला, मी लोकरी पडद्याच्या आत. सासूबाई माझ्या शेजारी होत्या.

"त्रास फार झाला का?" मी विचारलं.

"शेवटी शेवटी शुद्ध कमीच होती, भाभी."

"जवळ कोण होतं?"

"मी दुकानात असायचो. शेजारच्या कापडवाल्याची आई यायची. फ्रेंच म्हातारी. रोज दुपारी येऊन बसायची. सूप आणायची. चांगली बाई."

"तो बोलायचा तिच्याशी?"

"बोलायचा तर. तासन्‌तास. पण आपल्या भाषेत. फ्रेंच विसरूनच गेला होता तो. तिला एक अक्षर कळत नसे. नुसती मान हलवायची आणि त्याचा हात धरून ठेवायची."

सासूबाई डोळे पुसत होत्या.

"काय बोलायचा?"

"ते मी नाही ऐकलं, भाभी. मध्ये भिंत होती."

मी त्या म्हातारीचं नाव विचारलं. ते त्याला ठाऊक नव्हतं. सगळे तिला नुसतं मादाम म्हणायचे. मग मी खजुरांचं ताट पडद्याखालून पुढं सरकवलं, आणि घ्या म्हटलं.